येताना एक चूक घेऊन या

२००६ साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो आणि न्यू जर्सीत, एडिसन गावी, मुलाच्या घरी मला एकच काम होतं. दुपारी शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर थांबायची, तिच्यातून माझी नात सई उतरायची, आणि तिची आई कामावरून येईपर्यंत मी तिचं गणित घ्यायचो. बाकीचा दिवस खिडकीत. आमच्या भागात पायी चालायला फूटपाथ नव्हता आणि गाडी मला येत नव्हती. येत नव्हती म्हणजे शिकलो नव्हतो. शिकलो असतो तर आली असती.

ते काम माझ्या हातून जायची वेळ आली होती. गेलं नाही, ते एका बाईंमुळे. त्यांच्याविषयी लिहितो.

त्यांना सगळे बाईच म्हणायचे. मूळच्या नागपूरच्या. नवरा डॉक्टर. त्याच्याबरोबर फार पूर्वी इकडे आल्या आणि इथल्या सरकारी शाळेत पाचवीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झाल्या. नवरा गेला, मुलं दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियात. बाई एकट्या, पण एकट्या राहणाऱ्या माणसासारख्या अजिबात राहायच्या नाहीत. साऱ्या गावाची पोरं आपल्याच घरात वाढतायत असं त्यांचं वागणं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ओक ट्री रोडवरच्या वाण्याच्या दुकानात. सुती साडी, खाली पांढरे पळायचे बूट, वर नवऱ्याचा जाड कोट गुडघ्यापर्यंत. एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर, आणि तिसरा त्या पिशवीत शोधत होत्या. शोधता शोधता त्यांनी एका तरुण आईची ढकलगाडी अडवली. गाडीत भेंडीशेजारी दुसऱ्या दुकानातून आणलेलं एक जाडजूड पुस्तक होतं.

"हे कोणासाठी?"

"मुलासाठी, बाई. पाचवीची टेस्ट आहे ना मार्चमध्ये. प्रॅक्टिस बुक आहे."

"बाप्पा! पोट्ट्याला झालं काय? ताप आहे?"

"नाही हो."

"मग एवढं औषध काहून देऊन राहिली?"

बाईंनी ते पुस्तक उचललं, भाजीच्या काट्यावर ठेवलं, काटा कुठवर जातो ते पाहिलं, मान हलवली आणि परत दिलं. "भेंडी मात्र चांगली निवडली हो तू," म्हणाल्या आणि निघून गेल्या. ती पोरगी काट्याकडे बघत उभी राहिली.

टेस्टचं थोडं सांगायला हवं. इथं प्राथमिक शाळा पाचवीला संपते, आणि संपता संपता सरकार पोरांची परीक्षा घेतं, गणिताची आणि वाचण्या-लिहिण्याची. त्या वर्षांत वॉशिंग्टनहून नवा कायदा आला होता, पोरं मागं पडली तर ठपका शाळेवर. त्यामुळे शाळा घाबरल्या होत्या, शाळांनी आईबापांना घाबरवलं होतं, आणि आपली मंडळी कुणी घाबरवायच्या आधीच घाबरून बसली होती. आपल्या डोक्यात परीक्षा म्हटली की चौथीची स्कॉलरशिप. जिल्ह्यात कितवा, तालुक्यात कितवा. माझा मुलगा त्या स्कॉलरशिपमध्ये आला होता तेव्हा गिरणीवर आलेल्या प्रत्येकाच्या पिठाच्या डब्यावर मी पेढा ठेवला होता. मला दुसरं कुणी काय सांगणार?

पण बाई सांगायच्या, दर रविवारी सकाळी आपल्या घराच्या तळघरात, सगळ्या आईबापांना. पोरांना तिथं बंदी. फक्त आईबाप.

"ही स्कॉलरशिप नाही," त्या म्हणायच्या. "इथं नंबर नाही, पेढे नाहीत, पेपरात फोटो नाही. शाळेला पाहायचं आहे की पोट्ट्याला काय समजलं. तीन खण आहेत. थोडं समजलं, समजलं, छान समजलं. संपलं."

यावर कुणीतरी कॉम्प्युटरवाला हात वर करायचाच. "पण बाई, तिसऱ्या खणात आपला कितवा, ते कुठं कळतं?"

"घरी जा अन् बायकोला विचार, तू कितवा ते."

बाई पैसे घ्यायच्या नाहीत. पण फी होती. येताना पोराची एक चूक घेऊन यायची. गणितातली असो, लिहिण्यातली असो, कागदावर लिहिलेली खरी चूक. रिकाम्या हातानं आलेल्याला दारातून परत. एकदा एक बाप, मोठ्या कंपनीतला, छाती काढून म्हणाला, "बाई, माझ्या मुलाच्या चुका होतच नाहीत." बाईंनी त्याचा कोट खुंटीवरून काढून त्याच्याच हातात दिला. "मग तू इथं काय करून राहिला? जा, झोप काढ. रविवार आहे." पुढच्या रविवारी तो तीन चुका घेऊन आला. त्यातली एक त्यानं मुद्दाम मुलाकडून करून घेतली होती, ती बाईंनी बरोबर ओळखली.

तळघरात मोठी खुर्ची एकही नव्हती. बाईंच्या शाळेनं जुनं सामान टाकून दिलं तेव्हा त्यांनी पोरांच्या बुटक्या खुर्च्या गाडीत भरून आणल्या होत्या. पीएचडी झालेली माणसं तिथं गुडघे कानाला लावून बसायची. चारशे पानांची पुस्तकं जप्त करून बाईंनी त्यांच्यावर टीव्ही ठेवला होता. फोन आला की "हं" म्हणायच्या आणि बोलणं झालं की काही न म्हणता ठेवून द्यायच्या. गाडी इतकी हळू चालवायच्या की मागचे भोंगे वाजवायचे. बाई त्यांना हात करायच्या. त्यांना वाटायचं, ओळखीचे असतील. आणि सगळ्यांत वाईट सवय म्हणजे तो एक शब्द. कुणी काही म्हटलं की बाई विचारायच्या, "कशावरून?" आज थंडी आहे, कशावरून? पोहे छान झालेत, कशावरून? माणूस हैराण.

आता माझं सांगतो.

मी चौथी शिकलेला. बार्शीत चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. पाढे तीसपर्यंत तोंडावर, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पावापासून दीडपर्यंतचे पाढे. ते सगळे मी सईला शिकवले. पोरगी हुशार. विचारलं की फाडकन उत्तर. शिवाय मी तिला वळण लावलं होतं. कच्चं काम दुसऱ्या कागदावर करायचं, तो कागद टाकून द्यायचा. वहीत फक्त उत्तर, खाली दोन रेघा, बाकी पान स्वच्छ. मला मास्तरांनी असंच शिकवलं होतं, मुलाला मी असंच शिकवलं होतं, आणि पान स्वच्छ असावं हे मी आजही म्हणतो.

नोव्हेंबरात मुलगा आणि सून शाळेत तिच्या टीचरला भेटून आले. दोघांची तोंडं उतरलेली.

"अण्णा," मुलगा म्हणाला, "टीचर म्हणते सईची उत्तरं बरोबर असतात, पण ती कशी काढली ते ती लिहीत नाही. पान कोरं. विचारलं तर म्हणते, आय जस्ट नो."

"मग? बरोबर आहे की."

"टेस्टमध्ये त्याचेच मार्क आहेत. कसं काढलं त्याचे. असंच राहिलं तर ती पहिल्या खणात जाईल, आणि मग सहावीत रोज शाळा सुटल्यावर तिला जादा वर्गाला बसवणार. पाच वाजेपर्यंत."

म्हणजे माझीच वेळ. बसमधून ती उतरणार नाही, उतरेल तेव्हा तिची आई घरी आलेली असेल.

"आणि आजपासून," मुलानं खाली बघत सांगितलं, "तुम्ही तिला शिकवायचं नाही."

"एक तरी उत्तर चुकलं का?"

"उत्तराचा प्रश्न नाहीये, अण्णा."

"परीक्षेत उत्तराचा प्रश्न नसतो, मग कशाचा असतो?"

तो लॅपटॉप घेऊन वर गेला. दुसऱ्या दिवसापासून सई बसमधून उतरली की "हाय आजोबा" म्हणून जिना चढून खोलीत. मी खाली, खिडकीत. खिडकीतून दिसायला शेजाऱ्याचं गॅरेज.

मुलगा आणि सून बाईंच्या रविवारी जायला लागले. डिसेंबरात एका रविवारी मुलाला ऑफिसचा कॉल लागला आणि सुनेची हॉस्पिटलात ड्यूटी. घरचं मोठं माणूस आलंच पाहिजे हा बाईंचा नियम. मुलानं मला गाडीतून नेलं. वाटेत म्हणाला, "फक्त ऐका. वाद घालू नका. बारा वाजता न्यायला येतो." हातात सईचा एक कागद दिला. त्यावर एकच अपूर्णांक, खाली दोन रेघा.

बाईंनी तो कागद उजेडात धरला. "सुंदर पान आहे. इथं चूक कुठं आहे?"

"नाहीच आहे," मी म्हणालो. "तेच तर म्हणतो मी."

"तुम्ही सईचे आजोबा. गिरणीवाले."

"हो."

"बसा."

बसलो. खाली गेलो तो वर येईन की नाही असं वाटलं. मग बाईंनी सगळ्यांना पोरांचा पेपर दिला. मला इंग्रजी वाचता येत नाही हे पाहून एक प्रश्न मराठीत मोठ्यानं सांगितला. एका पिशवीत चार गोट्या, त्यांतल्या तीन लाल. दुसरीत आठ गोट्या, त्यांतल्या पाच लाल. डोळे मिटून एकच गोटी काढायची आणि ती लाल निघायला हवी. हात कुठल्या पिशवीत घालाल?

"पहिल्या," मी म्हणालो. बाकीचे अजून पेन्सिली शोधत होते.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? दिसतंय की."

"मला दिसत नाही."

"मग चष्मा लावा. दोन-दोन आहेत तुमच्याकडे."

सगळे हसले. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "मी पाचवीतली पोट्टी आहे. मला वाटतं दुसऱ्या पिशवीत हात घालावा. तिथं लाल गोट्या पाच, इथं तीनच. मला समजवा."

"चूक आहे तुझं," मी म्हणालो.

"कशावरून?"

"मी सांगतो म्हणून!"

माझ्याशेजारचा कॉम्प्युटरवाला मदतीला आला. "बाई, सिंपल आहे. प्रॉबॅबिलिटी काढायची."

"ते काय असतं, काका?" बाईंनी पाचवीतल्या पोरीच्या आवाजात विचारलं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. त्याचंही अडलं ते पाहून मला बरं वाटलं, पण फार वेळ नाही. कारण बाईंनी फळ्यावर माझ्या नावापुढं लिहिलं, तीनपैकी एक.

"उत्तर बरोबर आणि एक?"

"उत्तराचा एक. समजावण्याचे दोन. ते तुम्ही दिले नाहीत."

मी उठलो. म्हणजे खुर्चीचा हात धरून, शेजाऱ्याचा खांदा धरून उठलो. "माझ्या नातीला मी काय शिकवायचं ते मला शिकवू नका," म्हणालो आणि जिना चढून वर आलो. दार उघडलं. बाहेर गुडघाभर बर्फ आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. रागावून निघून जायला या देशात गाडी लागते. दार लावलं आणि बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

ओट्यावर त्यांचा चहा होता, मायक्रोवेव्हमध्ये केलेला, वर साय. मला तो बघवेना. मी पातेलं शोधलं, आलं शोधलं, चहा टाकला. खालून हसण्याचे आवाज येत होते. कुणीतरी गोट्या समजावून सांगत होतं आणि बाई "कशावरून, कशावरून" करत होत्या.

बाई वर आल्या तेव्हा मी दुसरा कप पीत होतो. त्यांनी न विचारता एक कप ओतून घेतला.

"छान झाला आहे," म्हणाल्या.

"कशावरून?" मी विचारलं.

बाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "आल्याचा ठसका आधी आला अन् साखर मागून. माझ्या चहात दोघं भांडत असतात." मग म्हणाल्या, "गिरणीवाले, रागावले का?"

"मी रागावत नाही."

"एक सांगा. तुमची नात घरी कोणाला समजावून सांगेल? बापाला? त्याला सगळं येतं. आईला येतं. टीचरला येतं. ज्याला येतं त्याला समजावून सांगायला पोट्ट्यांना लाज वाटते. त्यांना वाटतं हे नाटक आहे. अन् हे आईबाप! मी सांगते, न समजल्यासारखं करा. जमतच नाही बाप्पा त्यांना. पोट्टी दोन शब्द बोलली की बाप मधे उडी मारतो. तिला खरोखर न समजणारा माणूस पाहिजे."

"म्हणजे मी?"

"इंग्रजी वाचता येतं?"

"नाही."

"आलेख समजतात?"

"नाही."

"मग तुमच्यासारखा माणूस मला साऱ्या एडिसनमध्ये सापडणार नाही."

आयुष्यात मला कुणी असं तोंडावर म्हटलं नव्हतं. "मला तिला शिकवायला बंदी आहे," मी म्हणालो.

"शिकवू नका ना जी. शिका."

बारा वाजता मुलगा आला. गाडीत मी एक शब्द बोललो नाही. त्याला वाटलं, मी शांतपणे ऐकून आलो.

दोन दिवस मी बाईंवर धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी सई बसमधून उतरली, "हाय आजोबा" म्हणाली आणि जिन्याकडे वळली. मी म्हणालो, "सई, ते तुझ्या पुस्तकातलं गोल चित्र, तुकडे पाडलेलं. मला समजलं नाही." हे तीन शब्द मी गिरणीत म्हटले नव्हते, बायकोला म्हटले नव्हते, भावकीच्या खटल्यात वकिलाला म्हटले नव्हते.

सई जिन्यावर थांबली. "यू डोन्ट नो पाय चार्ट?"

"नाही."

"फॉर रिअल?"

"अगदी."

ती खाली आली. दप्तर टाकलं, माझ्यासमोर बसली आणि तिचा चेहरा असा फुलला की मी तिला पाढे शिकवताना तो तसा कधी पाहिला नव्हता. "ओके आजोबा. समजा ही तुमची गिरणी. लोक काय काय आणतात?"

"ज्वारी. गहू. डाळ."

"मोस्टली?"

"ज्वारी."

तिनं गोल काढला, ज्वारीचा मोठा तुकडा केला, आत कणीस काढलं. मी विचारत गेलो आणि ती काढत गेली. पान असं घाण झालं की माझ्या मास्तरांनी छडी घेतली असती. मी नवा कागद पुढं सरकवला.

जे मला खरंच समजत नव्हतं ते सोपं होतं. अवघड गोष्ट म्हणजे हिशोब. उत्तर माझ्या जिभेवर असायचं आणि ती मला गोट्या काढून दाखवत असायची. तेव्हा मी चहा प्यायचो. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही. एके दिवशी तिनं चार गोट्यांची पिशवी काढली, मग तशीच आणखी एक शेजारी काढली. "सी, आजोबा? आता इथं पण आठ झाल्या. आणि लाल सहा. तिकडं फक्त पाच." मला ते माहीत होतं. पण ते असं दोन पिशव्या शेजारी ठेवून सांगता येतं हे मला बाईंच्या तळघरात सुचलं नव्हतं.

वाचनाचे धडे ती मोडक्या मराठीत सांगायची. एका धड्यातला मुलगा नव्या शाळेत जातो आणि दुःखी असतो.

"कशावरून?" मी विचारलं.

"कारण त्यानं लंच बॉक्स उघडला नाही."

"भूक नसेल."

"नो, आजोबा! तो दुसऱ्या मुलांकडं बघत होता. भूक होती. पण एकटं खायला… यू नो."

"हे पुस्तकात लिहिलंय?"

"लिहिलं नाही. पण आहे."

"मग हे लिही," मी म्हणालो.

मुलगा एकदा लवकर घरी आला आणि आम्हाला पकडलं. टेबलभर कागद, सईच्या हातात फूटपट्टी. "अण्णा, मी काय सांगितलं होतं?"

"शिकवायचं नाही. मी कुठं शिकवतोय? ती शिकवतेय. बंदी घालायची तर तिला घाल."

सई म्हणाली, "बाबा, प्लीज, ही इज लर्निंग." तो कागद बघत उभा राहिला, मग कोट न काढताच तिथं बसला. थोड्या वेळानं मधे तोंड घातलं. सईनं त्याला वर पाठवलं.

बाईंशी माझं एकच मोठं भांडण झालं, ते फेब्रुवारीत. आता मी रविवारी स्वतःहून जायचो. त्या दिवशी बाई टेस्टच्या सकाळचे नियम सांगत होत्या. नवी पेन्सिल नाही. नवा फ्रॉक नाही. इंडियातून आजीचा फोन नाही. बेस्ट ऑफ लक कुणी म्हणायचं नाही. "रोज करता तेच करा. एक जरी गोष्ट वेगळी केली तरी पोट्ट्याला समजतं की आज काहीतरी भयंकर आहे."

एका आईनं भीत भीत विचारलं, "बाई, दही-साखर?"

"रोज देता?"

"नाही."

"मग त्या दिवशी पण नाही."

"हे चालणार नाही," मी मागून म्हणालो. "माझ्या आईनं मला दिलं, माझ्या बायकोनं मुलाला दिलं. परीक्षेला जाताना हातावर दही पडल्याशिवाय आमच्या घरातून कुणी बाहेर पडलेलं नाही."

"त्यानं काय होतं?"

"बरं होतं."

"कशावरून?"

"बाई, सगळ्यालाच कशावरून नसतं!"

"माझ्या वर्गात असतं," बाई म्हणाल्या. "दही नाही. गिरणीवाले, शब्द द्या. त्या सकाळी रोजच्यापेक्षा वेगळं काही करणार नाही."

सगळे बघत होते. मी शब्द दिला. मी दिलेला शब्द मोडत नाही, बार्शीत कुणालाही विचारा.

मार्चमध्ये टेस्टच्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. त्या सगळ्या घरी फोन करत होत्या. "काही वेगळं करून राहिले का?"

"काही नाही. रोजचंच."

"हं," आणि फोन ठेवला.

निकाल आला तो सप्टेंबरात, सई सहावीत गेल्यावर, एका शनिवारी टपालानं. गणितात तिसरा खण. वाचण्या-लिहिण्यात मधला. जादा वर्ग नाही. मुलगा तो कागद घेऊन माझ्या खिडकीशी आला आणि नुसता उभा राहिला. त्याला काही म्हणायचं होतं, पण तो माझाच मुलगा, कसा म्हणेल?

संध्याकाळी बाई आल्या, आपल्या त्या गाडीतून, मागं चार गाड्यांची रांग घेऊन. सईनं त्यांना निकाल दाखवला. बाईंनी तिसऱ्या खणाकडे पाहिलंच नाही. "वाचनात काय अडलं?" हे विचारलं. मग म्हणाल्या, "टेस्टच्या दिवशी घाबरली होती का गं?"

"नाही. एव्हरीथिंग वॉज नॉर्मल. आजोबांनी योगर्ट दिलं, मी बसमध्ये गेले."

"योगर्ट?"

"हातावर. विथ शुगर. ते रोज देतात."

बाई सावकाश माझ्याकडे वळल्या. "कधीपासून?"

"तुम्ही नको म्हणालात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," मी म्हणालो. "तुम्हीच म्हणालात, रोज करता तेच करा. मग मी रोज करायला लागलो."

बाई इतक्या हसल्या की डोक्यावरचा चष्मा सोफ्यामागं पडला. हसू थांबल्यावर उठल्या. दारात बूट घालताना म्हणाल्या, "उद्यापासून नवे आईबाप येऊन राहिले. सगळे हुशार आहेत. त्यांना समजावून सांगायला कोणी नाही. तुम्ही याल का दर रविवारी?"

"बघतो," मी म्हणालो.

"येताना फी आणा. पोट्ट्याची एक चूक."

"सईची चूक आता नाही माझ्याकडे."

"मग मी दारातून परत पाठवेन." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सईच्या हातावर दही ठेवलं, इस्त्रीचा सदरा घातला आणि मुलाला म्हणालो, मला बाईंकडे सोड. तळघरात नवे आईबाप गुडघे कानाला लावून बसले होते. बाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या.

"चूक आणली?"

"आणली," मी म्हणालो. "माझ्या पोराची." आणि मागं उभ्या असलेल्या मुलाचा दंड धरून त्याला पुढं केलं. "यानं मला शिकवायला बंदी केली होती."

मुलगा कानापर्यंत लाल. सगळे वळून बघायला लागले. बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"चूक कशावरून?"

मी त्या बुटक्या खुर्चीवर बसलो आणि पहिल्यापासून समजावून सांगायला लागलो.